उत्तर आलं नाही, तर काय समजायचं?

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये, आठव्या क्रॉसवर, एक बाई गजरे घेते आणि क्यूआर कोडवरून पैसे पाठवते. पिन टाकून होतो, मोबाइलवर गोल चक्र फिरत राहतं. तेवढ्यात बँकेचा मेसेज येतो : खात्यातून १२० रुपये वजा. फुलवालीच्या साउंडबॉक्समधून मात्र आवाज नाही. पुन्हा पाठवावेत, तर दोनदा जायची भीती. तसंच निघून जावं, तर फुलवालीचं नुकसान. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा बेळगावच्या खडेबाजारातही हे रोजचंच. यातली खरी नवलाची गोष्ट ही, की पैसे पोचले की नाही हे त्या क्षणी मोबाइललाही ठाऊक नसतं. सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणारं यंत्र 'हो की नाही' एवढंही का सांगू शकत नाही?

त्यासाठी आधी संगणकांच्या जगातली एक जुनी आणि फार सोयीची युक्ती समजून घ्यावी लागते. तिला रिमोट प्रोसिजर कॉल किंवा आरपीसी म्हणतात. एका यंत्रावरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या यंत्रावरच्या प्रोग्रॅमकडून काम करवून घ्यायची ही रीत आहे. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचा कोड. जावा भाषेत आरपीसीची सोय देणाऱ्या अनेक लायब्ररी ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. असंच एक काम बेंगळुरूत, फ्लिपकार्टमध्ये झालं. त्याचं नाव फँटम. माझं मत असं, की या लायब्ररींची परीक्षा निरोप पोचवण्यात होत नाही. ते आता सगळ्यांनाच जमतं. उत्तर आलं नाही तर त्या काय करतात, तिथे त्यांचा कस लागतो.

## हाक जवळची, काम दूरचं

कुठलाही प्रोग्रॅम लहान लहान कामांचा बनलेला असतो : किंमत काढ, साठा तपास, पत्ता शोध. प्रत्येक कामाला नाव असतं. त्या नावानं हाक मारायची, लागेल ती माहिती सोबत द्यायची, काम होतं आणि उत्तर हातात पडतं. जावात याला मेथड कॉल करणं म्हणतात. हे सगळं एकाच यंत्राच्या मेमरीत घडतं तोवर मामला सरळ असतो. एक तर उत्तर येतं, किंवा काय चुकलं ते कळतं, नाहीतर अख्खा प्रोग्रॅमच कोसळतो. कोसळला, तर हाक मारणाराही त्याच्यासोबत जातो. वाट बघत ताटकळणारं मागे कुणी उरत नाही.

दुकान वाढलं की एक यंत्र पुरत नाही. फ्लिपकार्टनं २००७ मध्ये बेंगळुरूत ऑनलाइन पुस्तकं विकायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या झालेल्या कुठल्याही दुकानाचं एक पान उघडलं, की मागे किंमत एका यंत्राकडून येते, साठा दुसऱ्याकडून, ग्राहकांचे अभिप्राय तिसऱ्याकडून, आणि तुमच्या पिनकोडला माल कधी पोचेल हे चौथ्याकडून. प्रत्येक काम वेगळी टीम सांभाळते, आपापल्या वेळेला बदलते. पान तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला हे सगळं जमवायचं असतं, तेही बघणाऱ्याचा धीर सुटायच्या आत.

अशा वेळी प्रत्येक प्रोग्रॅमरनं नेटवर्कचं सगळं शास्त्र शिकावं का? अमेरिकेत पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी या प्रश्नावर काम केलं आणि १९८४ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दूरच्या यंत्रावरच्या कामालाही प्रोग्रॅमरनं जवळच्यासारखीच हाक मारावी; मधली सगळी धावपळ दुसऱ्या कुणीतरी करावी. त्यांनी वेळही मोजून दाखवला. त्यांच्या यंत्रांवर काहीच न करणारी रिकामी हाक जवळच्या जवळ ९ मायक्रोसेकंदांत पुरी व्हायची. नेटवर्कवरून जाऊन यायला तिलाच सुमारे १,१०० मायक्रोसेकंद लागायचे. म्हणजे हाक मारायची पद्धत एकच, वेळात मात्र शंभरपटींहून जास्त फरक.

## मध्ये काय घडतं

ही धावपळ करणाऱ्या कोडच्या तुकड्याला स्टब म्हणतात. हाक मारणाऱ्याच्या यंत्रावर एक स्टब असतो, काम करणाऱ्याच्या यंत्रावर दुसरा. प्रोग्रॅमरनं 'किंमत सांग' म्हटलं, की पहिला स्टब ती हाक झेलतो. स्वतः किंमत काढत नाही. हाकेचं नाव आणि सोबतची माहिती बाइट्सच्या ओळीत बसवतो आणि नेटवर्कवर सोडतो. पलीकडचा स्टब ती ओळ उलगडतो, खऱ्या कामाला हाक मारतो आणि आलेलं उत्तर त्याच रीतीनं परत पाठवतो. हे स्टब हातानं लिहावे लागत नाहीत. कोणती कामं आहेत आणि त्यांना काय लागतं, एवढी यादी दिली की लायब्ररी त्यावरून स्टब तयार करून देते.

बाइट्सची ही ओळ एकदा अगदी जवळून बघण्यासारखी आहे. समजा, ३०० हा आकडा पाठवायचा आहे. वाचायला सोप्या जेसन पद्धतीत 'प्राइस' हे इंग्रजी नाव, अवतरणचिन्हं, कंस, अपूर्णविराम आणि आकडा मिळून १३ बाइट्स होतात. गूगलनं २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्स पद्धतीत तीच गोष्ट तीन बाइट्समध्ये मावते : ८, १७२, २. पहिला बाइट सांगतो, की यादीतलं पहिलं खातं येतंय आणि ते पूर्णांकाचं आहे. पुढच्या दोन बाइट्समध्ये ३०० आहे. एका बाइटमध्ये मूल्याला सातच बिट वापरायचे, म्हणजे ० ते १२७. आठवा बिट फक्त 'पुढे अजून आहे' एवढं सांगायला. ३०० म्हणजे दोनदा १२८ आणि वर ४४. आधी ४४ जातो, त्याला 'पुढे अजून आहे'ची खूण म्हणून १२८ जोडले की १७२ होतात, मग २. नाव पाठवायची गरजच नाही, कारण यादी दोन्ही बाजूंकडे आहे. एका आकड्यामागे दहा बाइट्स वाचले तर कुणाला कळणारही नाही, पण दिवसाला कोट्यवधी हाका मारणाऱ्या दुकानाला कळतात.

चौकट : एका हाकेचा प्रवास
प्रोग्रॅम हाक मारतो → त्याच्याकडचा स्टब तिचे बाइट्स करतो → नेटवर्क → पलीकडचा स्टब बाइट्स उलगडतो → खरं काम होतं → उत्तराचे बाइट्स → नेटवर्क → पहिला स्टब उत्तर प्रोग्रॅमच्या हाती देतो. यातली कुठलीही पायरी चुकू शकते. हाक मारणाऱ्याला मात्र शेवटची पायरी तेवढी दिसते.

## पोच न आलेली मनीऑर्डर

गिरणगावातला कामगार रत्नागिरीकडच्या आपल्या घरी मनीऑर्डर करायचा. पोस्टमन घरी पैसे देऊन सही किंवा अंगठा घ्यायचा आणि ती पोच मुंबईला परत यायची. समजा, महिना उलटला तरी पोच आली नाही. काय झालं असेल? मनीऑर्डरचा कागद वाटेतच गहाळ झाला असेल. किंवा गावच्या पोस्टापर्यंत पोचला, पण नदीला पूर आल्यानं वाटप अडलं असेल. किंवा पैसे वेळेवर मिळाले, घरी धान्यही भरून झालं आणि हरवली ती फक्त पोच. तिन्ही गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. मुंबईत बसलेल्याला मात्र तिन्ही सारख्याच दिसतात, कारण त्याच्या हातात एकच वस्तुस्थिती आहे : पोच आलेली नाही.

आरपीसीची मूळ अडचण ही आहे. हाक वाटेत हरवली, पलीकडचं यंत्र काम करता करता बंद पडलं, की उत्तर परतताना हरवलं, हे हाक मारणाऱ्याला पलीकडच्या शांततेवरून ओळखता येत नाही. चौथी शक्यता तर सगळ्यांत वाईट : काहीच बिघडलेलं नाही, पलीकडे नुसता उशीर होतोय. नेटवर्क कितीही वेगवान केलं तरी ही अडचण जात नाही. मल्लेश्वरमचा मोबाइल गप्प होता तो याच कारणानं.

कामगार करायचा तेच तीन उपाय इथेही लागतात. वाट कुठवर बघायची हे ठरवायचं. याला टाइमआउट म्हणतात. मग चौकशी करायची. आणि चौकशी जमावी म्हणून पहिल्यापासून क्रमांक जपायचा. मनीऑर्डरची पावती दाखवली, की पोस्ट आपल्या नोंदी तपासू शकायचं. नवी मनीऑर्डर केली तर मात्र पैसे दोनदा जायचे. बिरेल आणि नेल्सन यांनीही प्रत्येक हाकेला खूण दिली होती : कोणतं यंत्र, त्यावरची कोणती प्रक्रिया आणि चढता अनुक्रमांक. तीच खूण पुन्हा आली, की पलीकडच्या बाजूला कळायचं, ही नवी हाक नाही.

हा क्रमांक सगळीकडे लागतो असं नाही. 'किंमत सांग' दहादा विचारलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. '१२० रुपये वजा कर' दोनदा झालं, तर बिघडतं. पुन्हा पुन्हा केलं तरी परिणाम एकदाच केल्याइतका राहतो, अशी कामं आणि इतर कामं यांतला फरक प्रोग्रॅमरनं स्वतः ओळखायचा असतो. कुठलीही लायब्ररी तो त्याच्या वतीनं ओळखू शकत नाही.

यूपीआय काटेकोर अर्थानं आरपीसी नाही. तिथे मागणी आणि उत्तर हे दोन वेगळे निरोप असतात. दुखणं मात्र हेच, कारण एका व्यवहारात पैसे देणाऱ्याचं ॲप, त्याची बँक, मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, घेणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याचं ॲप एवढे जण गुंतलेले असतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचं काय झालं हे विचारण्यासाठी वेगळा निरोप ठरवलेला असतो. ॲपमध्ये दिसणारा १२ अंकी संदर्भ क्रमांक ग्राहकानं जपायचा तो यासाठीच. जे यंत्रांना लगेच सुटत नाही त्याला रिझर्व्ह बँकेनं मुदत घालून दिली आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराकडे नोंद पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. एका माणसानं दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एकच दिवसाची आहे.

## जावानं घातलेली सक्ती

दूरची हाक जवळच्यासारखी दिसावी हे स्वप्न किती ताणायचं, यावर १९९० च्या दशकात जोरदार वाद झाला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतल्या जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वॉलरॅथ आणि सॅम केंडल यांनी १९९४ मध्ये बजावलं, की दोन्ही हाका एकसारख्या मानणं मुळातच चूक आहे. दूरच्या हाकेला वेळ लागतो, तिला जवळची मेमरी दिसत नाही, आणि अर्धं काम होऊन अर्धं राहणं ही तिची रोजची शक्यता आहे.

यातल्या वॉलरॅथ यांचा जावाच्या स्वतःच्या आरपीसी सोयीच्या रचनेत मोठा हात होता. ही सोय, आरएमआय, १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीत आली. तिच्यात एक सक्ती होती. दूरच्या प्रत्येक मेथडवर 'इथे रिमोट एक्सेप्शन येऊ शकतं' असं लिहावंच लागायचं, आणि ते आल्यावर काय करायचं किंवा ते पुढे कुणाकडे सोपवायचं हे सांगितल्याशिवाय कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊच द्यायचा नाही. अनेकांना ही कटकट वाटली. मला ती त्या काळातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट वाटते. पुढच्या बऱ्याच लायब्ररींनी ही सक्ती काढून टाकली. कोड सुटसुटीत झाला, आणि बिघाडाचा विचार करायचं काम पुन्हा प्रोग्रॅमरच्या आठवणीवर आलं.

## बेंगळुरूचा फँटम

फँटमची गरज समजायला थोडा हिशेब करू. सर्व्हरवर एकेक विनंती हाताळणाऱ्या कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात. टॉमकॅट या प्रसिद्ध जावा सर्व्हरमध्ये तुम्ही काही बदललं नाही, तर जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. समजा, सेकंदाला हजार विनंत्या येतात आणि प्रत्येक ५० मिलिसेकंदांत उरकते. मग एका वेळी सरासरी ५० थ्रेड गुंतलेले, बाकीचे मोकळे. आता अभिप्राय पुरवणारं यंत्र मंदावलं आणि उत्तराला १० सेकंद घेऊ लागलं. दहातल्या एकाच विनंतीला अभिप्राय लागतात असं धरलं, तरी सेकंदाला १०० थ्रेड तिथे अडकतात. दोन सेकंदांच्या आतच सगळे २०० थ्रेड संपतात. आता ज्यांना अभिप्राय नकोच आहेत, फक्त पैसे भरून खरेदी पुरी करायची आहे, त्यांनाही दार बंद. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा मंदावलेलं यंत्र जास्त घातक ते असं. बंद पडलेलं निदान बऱ्याचदा लगेच नकार तरी देतं.

आणि गर्दी काय चीज असते, हे या शहरानं बघितलेलं आहे. ६ ऑक्टोबर २०१४ च्या पहिल्या 'बिग बिलियन डे'ला फ्लिपकार्टचं संकेतस्थळ गर्दीखाली अडखळलं आणि संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. अशा दिवशी एका कोपऱ्यातला संथपणा सगळ्या दुकानभर पसरायला वेळ लागत नाही.

फँटम जावात लिहिलेला प्रॉक्सी आहे, म्हणजे हाक मारणारा आणि काम करणारी यंत्रं यांच्यामध्ये उभा राहणारा प्रोग्रॅम. त्याची मूळ कल्पना ट्विटरच्या फिनेगल या लायब्ररीवरून सुचलेली. नेटवर्कचं काम त्यात नेटी ही लायब्ररी करते, आणि संरक्षणासाठी नेटफ्लिक्सनं २०१२ मध्ये खुली केलेली हिस्ट्रिक्स आत बसवलेली आहे. एचटीटीपी, थ्रिफ्ट अशा वेगवेगळ्या पद्धतींच्या हाका तो पुढे नेतो. फ्लिपकार्टनं तो अपाची परवान्याखाली खुला केला.

हिस्ट्रिक्सचे आकडे बघितले की संरक्षण कसं चालतं ते कळतं. आपण काही ठरवलं नाही, तर ती प्रत्येक दूरच्या सेवागटासाठी वेगळे १० थ्रेड राखते. अभिप्रायांचे १० अडकले तर ११ व्या विनंतीला अभिप्राय मिळत नाहीत, पण किंमत आणि साठ्याचे थ्रेड शाबूत राहतात. एका सेकंदात उत्तर आलं नाही, की वाट बघणं बंद. शिवाय ती मागच्या १० सेकंदांचा हिशेब ठेवते. त्यात निदान २० हाका झाल्या असतील आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त फसल्या असतील, तर त्या सेवेकडे जाणारा रस्ताच तोडते. पुढच्या हाकांना लगेच नकार मिळतो. पाच सेकंदांनी एकच हाक चाचणीसाठी सोडते. ती यशस्वी झाली तर रस्ता खुला, नाहीतर आणखी पाच सेकंद बंद. याला सर्किट ब्रेकर म्हणतात. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ च्या पुस्तकानं ही कल्पना प्रोग्रॅमरांत रुजवली. तेवढ्या वेळात पानावर अभिप्रायांची जागा रिकामी राहते, खरेदी चालू राहते. शिवाय दमलेल्या यंत्रावर हाकांचा मारा थांबल्यानं त्याला सावरायला उसंत मिळते.

हे सगळं लायब्ररी म्हणून थेट प्रोग्रॅममध्ये का जोडायचं नाही, मध्ये प्रॉक्सी कशाला? फ्लिपकार्टचं संकेतस्थळ सुरुवातीच्या काळात पीएचपीत होतं. पीएचपीच्या नेहमीच्या रीतीत प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीनं सुरू होते आणि संपताना पाटी पुसली जाते. मागच्या १० सेकंदांत किती हाका फसल्या, हे मग लक्षात कुणी ठेवायचं? सतत चालू असलेला जावाचा प्रॉक्सी ते ठेवू शकतो. तो हाक मारणाऱ्या प्रोग्रॅमच्याच यंत्रावर ठेवता येतो, आणि दोघांमधलं बोलणं युनिक्स डोमेन सॉकेटवरून होतं. म्हणजे निरोप नेटवर्कच्या वाटेला न जाता त्याच यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून हातोहात पोचतो, आणि मधल्या माणसाचा खर्च फार वाढत नाही. शिवाय प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत असो, टाइमआउट आणि ब्रेकरचे नियम एकाच जागी राहतात.

ही रचना काळाच्या थोडी पुढे होती असं मी म्हणेन. प्रोग्रॅमच्या शेजारी प्रॉक्सी बसवायची हीच रीत पुढे २०१६ मध्ये लिफ्ट कंपनीनं एन्व्हॉय खुला केल्यावर जगभर पसरली. हिस्ट्रिक्सची नवी वाढ नेटफ्लिक्सनं २०१८ मध्ये थांबवली, त्यामुळे नव्या कामाला आज कुणी फँटम निवडणार नाही. तरी शिकणाऱ्यानं त्याचा कोड जरूर वाचावा. एवढ्या मोठ्या दुकानाच्या रोजच्या अडचणीतून निघालेला आणि तरीही एका माणसाला समजेल इतका आटोपशीर कोड सहसा हाती लागत नाही.

## मुदत सोबत न्यायची

पुन्हा प्रयत्न करायची सवय दिसायला निरुपद्रवी असते. पहिली सेवा दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी डेटाबेसला हाक मारते, आणि प्रत्येक जण फसल्यास एकूण तीनदा प्रयत्न करतो असं समजा. बिचाऱ्या डेटाबेसवर एका ग्राहकामागे २७ हाका आदळतात, आणि त्याही तो आधीच आजारी असताना. म्हणून पुन्हा प्रयत्न एकाच पातळीवर ठेवावेत, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यावं, आणि ते थोडं कमीजास्त ठेवावं, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येत नाहीत.

आज जावात आरपीसीचं काम नव्यानं सुरू करणारे बरेच जण जीआरपीसी ही लायब्ररी घेतात. गूगलनं ती २०१५ मध्ये खुली केली. तिच्यात टाइमआउटऐवजी मुदतीचा विचार आहे, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. ग्राहकासाठी ८०० मिलिसेकंद ठरवले आणि पहिल्या सेवेनं ३०० खर्च केले, तर पुढच्या सेवेला उरलेले ५०० च कळवले जातात. जावामध्ये ही मुदत एका हाकेतून पुढच्या हाकेत आपोआप जाते. ज्याच्या उत्तराची वाट बघणारं कुणी उरलेलं नाही, असं काम मग पलीकडचा सर्व्हर मध्येच सोडून देऊ शकतो. मात्र सुरुवातीची मुदत आपणच घालायची असते. न घातल्यास जीआरपीसी मुदत न ठेवता वाट बघत राहते. नव्या टीमचा कोड तपासताना मी पहिल्यांदा हेच शोधतो.

मुदत उलटली, की हाक मारणाऱ्याला 'डेडलाइन एक्सीडेड' असा निकाल मिळतो. तो अपयशाचा निकाल समजून बरेच जण डोळे झाकून काम पुन्हा पाठवतात. जीआरपीसीच्याच कागदपत्रांत मात्र बजावून ठेवलं आहे, की काही बदल घडवणाऱ्या कामांत, काम व्यवस्थित पार पडलेलं असतानाही हाच निकाल येऊ शकतो.